एकाच बोटाची दोन रजिस्टरं

गडचिरोलीतल्या गावात कुणाला ताप आला की आशाताई बोटाला सुई टोचते. थेंब काचपट्टीवर जातो. नोंद हिवतापाच्या रजिस्टरात होते. सिकलसेलची तपासणी निघाली की त्याच बोटाला पुन्हा टोचलं जातं. या वेळी थेंब नळीतल्या द्रावणात पडतो. द्रावण गढूळ झालं, नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की नमुना पुढच्या तपासणीला जातो. नोंद दुसऱ्या रजिस्टरात. पहिलं रजिस्टर हिवताप अधिकाऱ्याकडे पोचतं, दुसरं सिकलसेल कार्यक्रमाकडे. बोट एकच, रक्त एकच. पण हिवतापाच्या रजिस्टरात सिकलसेल नाही आणि सिकलसेलच्या रजिस्टरात हिवताप नाही.

या दोन नोंदी जोडल्यावाचून प्रशासनाचं अडत नाही. औषधं वेगळी, निधी वेगळा, माणसं वेगळी. शाळेचं मात्र अडायला हवं होतं, आणि ते अडत नाही, ही तक्रार आहे.

बारावीचं राज्य मंडळाचं जीवशास्त्राचं पुस्तक उघडा. आनुवंशिकता तिसऱ्या प्रकरणात आहे. उत्क्रांती पाचव्या. मानवी आरोग्य आणि रोग दहाव्या. सजीव आणि त्यांची समष्टी तेराव्या. मधल्या पानांत वनस्पतींचं पाणी, श्वसन, चेतासंस्था. जूनमध्ये मेंडेलचे वाटाणे सुरू होतात. हिवताप येईपर्यंत दिवाळी उजाडते आणि परिसंस्थेला पोचेस्तोवर सराव परीक्षा. प्रत्येक प्रकरणाला गुण ठरलेले. मुलं त्या हिशेबानं वाचतात, शिक्षक त्या हिशेबानं शिकवतात. कुणी कामचुकारपणा करत नाही. पण चार प्रकरणांत विखुरलेली गोष्ट एकच होती, हे वर्षअखेर कुणी सांगत नाही.

पुण्यातल्या मुलासाठी ते निव्वळ अभ्यासाचं नुकसान आहे. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या माजरी, भद्रावती, एटापल्ली, भामरागडच्या मुलासाठी ती गोष्ट त्याच्या अंगातली आहे.

गोष्ट अशी. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, तिथं व्हॅलिन येतं. अकराव्या गुणसूत्रावरच्या जनुकात एक अक्षर बदललेलं असतं, एवढंच त्याचं कारण. अशी ‘एस’ प्रत आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडूनही आली, तर मूल एसएस. ऑक्सिजन कमी झाला की त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडं ठणकतात, प्लीहा निकामी होते, संसर्ग जीव घेतात. एकच प्रत आली तर मूल एएस, म्हणजे वाहक. त्याला सहसा काहीच होत नाही. दोन्ही प्रती नेहमीच्या असल्या तर एए. आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात एसएसची शक्यता चारात एक. इथवर तिसरं प्रकरण संपतं, आणि बहुतेकांचं शिक्षणही.

पुढचा प्रश्न विद्यार्थ्याला पडायला हवा, आणि पडू दिला जात नाही. लहान वयात जीव घेणारं जनुक इतकं पसरलं कसं? दर पिढीत एसएस मुलं मूलबाळ होण्याआधी गेली असतील, तर त्यांच्याबरोबर दोन-दोन प्रती नाहीशा झाल्या. हजारो वर्षांत हे जनुक जवळपास संपायला हवं होतं. संपलं नाही. महाराष्ट्रातल्या जमातींमध्ये वाहकांचं प्रमाण शून्यापासून 35 टक्क्यांपर्यंत आढळलं आहे. भिल्ल, पावरा, माडिया, परधान, ओतकर या जमातींत ते 20 टक्क्यांच्या वर गेलेलं दिसलं. आणि हे केवळ आदिवासींपुरतंही नाही. विदर्भात अनुसूचित जातींत आणि इतर मागास समाजांतही ते आहे. शुक्ला आणि सोळंकी यांनी 1958 साली ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांची नोंद छापली. म्हणजे विदर्भाला हे ठाऊक होऊन साठ वर्षं उलटून गेली.

उत्तर त्याच्याही आधी, 1954 साली आलं होतं. केनियात वाढलेल्या अँथनी ॲलिसननं पूर्व आफ्रिकेत गावोगावी रक्त तपासलं. समुद्रकिनारी आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, जिथं हिवताप बारमाही, तिथं वाहक भरपूर. उंच, थंड, कोरड्या भागात फारच थोडे. वाहकाच्या लाल पेशीत हिवतापाचा फाल्सिपेरम जातीचा परजीवी नीट वाढू शकत नाही. अशी पेशी लवकर वाकते आणि प्लीहा तिला परजीवीसकट बाजूला काढते. वाहकाला हिवताप होतो, पण मेंदूपर्यंत जाणारा, जीव घेणारा हिवताप त्याला फार क्वचित होतो. एए मूल हिवतापानं जायचं. एसएस मूल सिकलसेलनं जायचं, आणि त्याला हिवताप झाला तर तो आणखीच घातक. जगायचं ते मधलं. रक्ताचे असे आजार आणि हिवताप यांचा संबंध असावा, हा अंदाज जे. बी. एस. हॉल्डेन यांनी 1949 मध्येच थॅलेसेमियाबद्दल बांधला होता. ते पुढे भारतात आले, इथले नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.

जगभर हे उदाहरण जीवशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात. आफ्रिकेचा नकाशा काढून शिकवतात. आपल्याकडेही शिकवलं तर आफ्रिकेचाच नकाशा काढतात. चंद्रपूर-गडचिरोलीचा नकाशा भिंतीवर टांगलेला असतो. त्याच्याकडे बोट जात नाही.

या उदाहरणात एक साधं गणित दडलेलं आहे. ते फळ्यावर मांडायला पंधरा मिनिटं पुरतात. एखाद्या समाजात 20 टक्के लोक वाहक आहेत असं धरा. मग त्या समाजातल्या बीटा जनुकांच्या सगळ्या प्रतींपैकी साधारण 11 टक्के प्रती ‘एस’ असणार, आणि दर हजार जन्मांमागे सुमारे 13 मुलं एसएस असणार. जुन्या काळी ती सगळी मूलबाळ होण्याआधी गेली असं समजा. तरीही ‘एस’चं प्रमाण पिढ्यानपिढ्या टिकून राहायचं असेल, तर दुसऱ्या बाजूनं भरपाई व्हायला हवी. ती किती, हे गणितातून निघतं. शंभर वाहक मोठे होऊन आई-बाप झाले, तर तेवढ्याच एए मुलांपैकी जेमतेम 87 त्या वयाला पोचली असली पाहिजेत. म्हणजे वाहक मुलं जगत होती तिथं दर आठ एए मुलांमागे एक जास्तीचं मूल जात होतं. पिढ्यामागून पिढ्या.

ही मुलं कुठल्याही रजिस्टरात नाहीत. त्या काळी रजिस्टर नव्हतं, दवाखाना नव्हता, तापाला नाव नव्हतं. त्यांच्या मरणाचा आकडा आज जिवंत असलेल्या लोकांच्या रक्तावरून काढता येतो. बारावीच्या मुलाला जमेल एवढ्या बीजगणितानं काढता येतो. जीवशास्त्र शिकवण्यासाठी याहून मोठं काय हवं, मला कळत नाही.

गणित ढोबळ आहे, हेही त्याच तासाला सांगावं. आपसातच लग्नं करणाऱ्या छोट्या जमातीत निव्वळ योगायोगानंही एखादं जनुक वाढतं किंवा हरवतं. चार-सहा कुटुंबं डोंगर ओलांडून नव्या खोऱ्यात गेली आणि त्यांत तीन वाहक निघाले, तर ते सगळं खोरं पुढे वाहकांनी भरलेलं दिसेल. त्यात हिवतापाचा हात असेलही, नसेलही. हेही उत्क्रांतीच्याच प्रकरणात येतं. वाटाण्यापेक्षा ते इथं लवकर कळेल.

आता परिसर. फाल्सिपेरमला डास लागतो. डासाला पाणी लागतं, आणि कुठलंही पाणी चालत नाही. ॲनॉफिलिस फ्लुविआटिलिसला जंगल-डोंगरातला संथ, स्वच्छ ओढा लागतो. ॲनॉफिलिस क्युलिसिफेसिसला सपाटीवरची डबकी, कालवे, लावणीनंतरची धानाची बांधी चालते. गडचिरोलीचा जवळपास 70 टक्के भाग जंगलाखाली आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची इथं आजही राज्यातला सर्वांत घातक हिवताप आहे. फ्रँक लिव्हिंगस्टन यांनी 1958 मध्ये पश्चिम आफ्रिकेबद्दल दाखवलं की माणसानं शेतीसाठी जंगल मोकळं केलं, उघड्यावर पाणी साचलं, डास वाढला, आणि त्यामागून ‘एस’ पसरला. म्हणजे माणसानं जमीन बदलली आणि बदललेल्या जमिनीनं माणसाचं रक्त बदललं. पूर्व विदर्भात धानाच्या बांध्या आहेत, जुने मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, ओढे आहेत. इथं काय झालं असेल, हा प्रश्न निदान विचारता तर येतो. तो विचारायला प्रयोगशाळा लागत नाही.

आणि याच प्रश्नासाठी माजरीसारखं दुसरं गाव सापडायचं नाही. माजरी जंक्शनवरून वणीकडे फाटा फुटतो. आजूबाजूला वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी. जमीन उलथून काढलेली, मातीचे डोंगर रचलेले, रान मागे सरलेलं. एका वर्गात गोंड घरातलं मूल बसतं. शेजारी बिहार, उत्तर प्रदेश किंवा तेलंगणातून खाणीवर आलेल्या कुटुंबातलं. भामरागडच्या मुलात जे ‘एस’ आहे तेच माजरीच्या मुलात आहे, अक्षर न अक्षर तेच. पण भामरागडात त्याला अजून थोडं काम आहे. पावसाळ्यात फाल्सिपेरम गावात शिरला तर वाहक मूल तरून जाण्याची शक्यता जास्त. माजरीत तो हिवताप तितका उरलेला नाही. तिथं या जनुकाचा फायदा सरला आणि फक्त तोटा राहिला. वर चंद्रपूरचा उन्हाळा. एसएस मुलाच्या अंगातलं पाणी कमी झालं की पेशी वाकतात आणि कळा सुरू होतात. मे महिन्यात याला किती वेळ लागेल?

एकच जनुक इथं चांगलं ठरतं, तिथं वाईट ठरतं. ते चांगलं की वाईट हे जनुकात लिहिलेलं नसतं. ओढा, डास, औषध, ऊन मिळून ते ठरवतात. आनुवंशिकता, परिसर आणि उत्क्रांती ही तीन प्रकरणं एकत्र वाचल्याशिवाय हे वाक्य कुणालाही लिहिता येणार नाही. तिसरं प्रकरण एकटं वाचलं तर एवढंच कळतं की ‘एस’ हा दोष आहे.

इथं मामला परीक्षेपुरता राहत नाही. तपासणीनंतर हातात कार्ड येतं. त्यावर ‘एएस’ लिहिलेलं असतं. कार्ड मुलीचं असेल तर ते लग्नाच्या बोलणीत निघतं. मुलाकडचे विचारतात, हिला काही आजार आहे का? घरचे गप्प होतात, किंवा कार्ड लपवतात. स्थळ मोडतं. मुलाची स्वतःची तपासणी झालेली असतेच असं नाही, आणि तो एए निघाला तर या लग्नातून एकही एसएस मूल होणार नाही, हे बोलणीला बसलेल्यांपैकी कुणाला ठाऊक नसतं. दोघंही वाहक निघाले तरच जपायचं असतं, आणि तेव्हाही गरोदरपणात वेळेवर तपासणीची सोय आहे. मुलीला शाळेनं एवढं सांगितलेलं असतं की तिच्यात बिघाड आहे. तिच्या पणजीची पणजी लहानपणी तापातून उठली ती कदाचित याच एका प्रतीमुळे, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. ते पाचव्या प्रकरणात होतं, आणि पाचव्या प्रकरणात तिचं गाव नव्हतं.

समुपदेशनात ‘तुम्ही आजारी नाही’ असं सांगतात. चांगलंच करतात. पण कारण न सांगता दिलेला दिलासा उंबरठ्यापर्यंतच टिकतो. सासरच्या घरात प्रश्न विचारला गेला की उत्तर लागतं. ते उत्तर जीवशास्त्रात आहे.

सरकारनं 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं. चाळीस वर्षांखालच्या 7 कोटी लोकांची तपासणी, आणि 2047 पर्यंत निर्मूलन. हिवतापाचं निर्मूलन 2030 पर्यंत. दोन्ही उद्दिष्टं योग्य आहेत, दोन्हींसाठी खेड्यापाड्यांत माणसं राबताहेत. पण दोन निर्मूलनं एका जातीची नाहीत, हे लोकांना कळायला हवं. हिवताप खरंच संपवता येतो. परजीवी संपला की संपला. सिकलसेलचं तसं नाही. उद्या सकाळी देशातला हिवताप नाहीसा झाला, आणि औषध नसल्यासारखं प्रत्येक एसएस मूल मूलबाळ न होता गेलं असं क्रूरपणे गृहीत धरलं, तरीही 11 टक्क्यांचं ‘एस’ निम्म्यावर यायला नऊ पिढ्या लागतील. म्हणजे सव्वादोनशे वर्षं. कारण बहुतेक ‘एस’ प्रती वाहकांत असतात आणि वाहक ठणठणीत असतात. प्रत्यक्षात हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधांनी एसएस मुलं मोठी होताहेत, संसार करताहेत. ते व्हायलाच हवं. त्यानं ‘एस’ आणखी सावकाश कमी होईल.

कार्ड जुळवून लग्नं केली तर एसएस जन्म कमी होतील, ‘एस’ कमी होणार नाही. उलट ते जपलंच जाईल. म्हणून 2047 चं उद्दिष्ट आजार आटोक्यात आणण्याचं आहे. जनुक पुसण्याचं नाही, आणि होऊच शकत नाही. हा फरक कळला नाही, तर 2047 उजाडल्यावर कार्यक्रम फसला म्हणून कुणीतरी बोटं मोडेल. त्याहून वाईट म्हणजे वाहकांनाच निर्मूलनाचा विषय समजलं जाईल. या देशात जातीच्या नावानं रक्ताचा हिशेब करायची सवय आधीच आहे. माडियांचं रक्त, परधानांचं रक्त, असं कुणी बोलू लागायला वेळ लागत नाही. त्याला अडवायचं तर हिवतापाचा नकाशा दाखवावा लागेल. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, अरबस्तानात, नीलगिरीत आणि गडचिरोलीत तोच बदल टिकला, कारण तिथं तोच ताप होता. जात पाहून ताप आला नाही.

काळाचं मापही शाळेनंच द्यायचं असतं. देशात हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1953 साली सुरू झाला. त्याआधी वर्षाला साडेसात कोटी लोक तापायचे आणि आठ लाख मरायचे, असा अंदाज होता. डीडीटीनं 1960 च्या दशकात रुग्ण लाखाच्या घरात आणले. 1976 मध्ये ते पुन्हा 64 लाखांवर गेले. तो सगळा चढउतार जेमतेम तीन पिढ्यांतला. जनुकांच्या हिशेबात तीन पिढ्या म्हणजे काहीच नाही. म्हणून माजरीच्या मुलाच्या रक्तात अजून ते रान आहे, जे त्यानं पाहिलेलंही नाही.

सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू झालं त्याच सुमारास उत्क्रांती पुस्तकातून काढायची बुद्धी झाली. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातल्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातला दुसरा शब्द आणि त्याखालचा मजकूर गेला. 1800 हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी विरोधाचं पत्र लिहिलं. भार कमी करण्याचं कारण दिलं गेलं. दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलाला मग ‘एस’ कसं पसरलं हे कधीच कळणार नाही, आणि कार्ड मात्र त्याच्याही हातात पडणार आहे. आपल्या राज्य मंडळानं दहावीत ते प्रकरण दोन्ही शब्दांसकट ठेवलं आणि नववीत सिकलसेल शिकवलं, याचं श्रेय द्यायला हवं. म्हणून तर पुढची मागणी त्याच मंडळाकडे करता येते.

राज्याची पाठ्यपुस्तकं टप्प्याटप्प्यानं नवी होताहेत. नववी-दहावीची पाळीही येईल. तेव्हा सिकलसेलच्या पानावर डास यावा. डासाच्या पानावर ओढा यावा. चार ओळींचं ते गणित छापावं आणि त्याशेजारी आफ्रिकेऐवजी वैनगंगेच्या खोऱ्याचा नकाशा द्यावा. पुस्तक येईपर्यंत थांबायचंही कारण नाही. माजरीच्या विज्ञान शिक्षकाला तालुक्याच्या आरोग्य कार्यालयातून दोन्ही कार्यक्रमांचे गावनिहाय एकूण आकडे, कुणाचंही नाव न घेता, मागता येतील. दोन रकाने फळ्यावर शेजारी-शेजारी मांडून तिसऱ्या रकान्यात गावाभोवतीचं जंगल आणि पाणी लिहायला सांगता येईल. कुठल्या गावात वाहक जास्त आणि ताप कमी, कुठं दोन्ही जास्त, ते गाव कधी वसलं, लोक कुठून आले, हे मुलंच घरी विचारून आणतील.